एचडी डीव्हीडीत अडकलेली आखाजी: जुन्या डिस्कमधून घरचं चित्रीकरण कसं बाहेर काढलं

जानेवारी 2023 मध्ये हातात घेतलेलं एक काम जूनमध्ये संपलं. आमच्या घरच्या सात डिस्कवर 2007 सालच्या आखाजीचं (म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचं) चित्रीकरण होतं. ते एचडी डीव्हीडी या 2008 मध्येच बंद पडलेल्या पद्धतीने लिहिलेलं होतं आणि आमच्याकडच्या कुठल्याच यंत्रावर दिसत नव्हतं. आता त्यातलं जवळजवळ सगळं हार्ड डिस्कवर आलंय. शोधाशोध करताना मराठीत या विषयावर काही सापडलं नाही. परदेशात नोकरीला असलेल्या नातेवाइकांनी त्या काळात पाठवलेल्या अशा डिस्क आणखी घरांमध्ये असणार, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2007 च्या आखाजीला माझे आतेभाऊ (आम्ही त्यांना दादा म्हणतो) अमेरिकेहून आले होते. आत्या शिरपूरहून माहेरी आली होती. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, जुनं घर, अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, पितरांची घागर, हे सगळं दादांनी सोनीच्या एचडीव्ही कॅमेऱ्यावर (कॅसेटवर हाय डेफिनिशन चित्र घेणाऱ्या) टिपलं. तेव्हा आमच्या भागात लग्नाचं शूटिंगसुद्धा साध्या मिनीडीव्हीवर व्हायचं, त्यामुळे हा कॅमेरा सगळ्यांना नवा होता. परत गेल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस दादांनी आपल्या तोशिबा कॉस्मिओ लॅपटॉपवर डिस्क तयार केल्या आणि गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या. त्यातल्या चार डिस्कवर मार्करने लिहिलेलं होतं: 'आखाजी, कॅसेट 1', 'कॅसेट 2' असं. मूळ कॅसेटी त्यांनी नंतर पुन्हा वापरल्या.

आमच्याकडे तेव्हा व्हीसीडी प्लेयर होता. मोझर बेअरच्या अठ्ठावीस रुपयांच्या व्हीसीडी घरोघर पोचत होत्या ते दिवस. दादांच्या डिस्क त्यात चालल्या नाहीत, 'पुढे नवीन प्लेयर घेऊ तेव्हा पाहू' म्हणून लोखंडी कपाटात गेल्या, आणि राहिल्या. 2021 मध्ये आजी गेली. तिचे फोटो भरपूर आहेत. तिचा आवाज मात्र आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

जानेवारीत डिस्क जळगावला आणल्या आणि उजेडात नीट पाहिल्या. हे सगळ्यात आधी करा. सातपैकी तीन डिस्कवर छापील शिक्का होता 'डीव्हीडी-आर' आणि चारवर 'एचडी डीव्हीडी-आर'. या दोन्हींचं प्रकरण पूर्ण वेगळं निघालं.

पहिल्या तीन डिस्क साध्या डीव्हीडीच होत्या, पण त्यावर लिहिण्याची पद्धत एचडी डीव्हीडीची होती. त्या काळात काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती: चित्र हाय डेफिनिशन, डिस्क मात्र स्वस्तातली नेहमीची. अशी डिस्क टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेयरला कळत नाही, पण संगणकातला साधा डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे कुठलंही विंडोज असेल तर डिस्क उघडते. आत 'एचव्हीडीव्हीडी_टीएस' नावाचा फोल्डर आणि त्यात 'ईव्हीओ' शेपटीच्या फाइली दिसतात. त्या तशाच कॉपी केल्या आणि व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये चालल्या. 4.7 जीबीच्या डिस्कवर एचडीव्हीच्या दर्जाचं चित्र जेमतेम पंचवीस मिनिटं मावतं, म्हणून दादांनी त्यावर निवडक भागच घातले होते. झोके होते, पुरणपोळ्या होत्या, आत्या आणि तिच्या मैत्रिणी होत्या. आजी एका कडेला दोन-तीनदा येऊन जात होती. तिने म्हटलेली गाणी पूर्ण होती ती 'कॅसेट' लिहिलेल्या चार डिस्कवर.

त्या चार डिस्क घेऊन मी जळगावचं गोलाणी मार्केट पालथं घातलं. बहुतेक दुकानांत डीव्हीडी रायटरच उरलेला नव्हता. एका दुकानातल्या मुलाने जुना काढून लावला. ड्राइव्ह थोडा वेळ फिरला आणि डिस्क नाही असं सांगून थांबला. मग लग्नाचं काम करणाऱ्या ओळखीच्या स्टुडिओत ब्लू-रे रायटर आहे असं कळलं, तिथे गेले. ब्लू-रे म्हणजे हाय डेफिनिशन, आपली डिस्कही हाय डेफिनिशन, मग चालायला हवी असा माझा आणि त्या स्टुडिओवाल्या भाऊंचा दोघांचाही अंदाज. तिथेही तेच.

कारण समजून घेण्यात पुढचे काही दिवस गेले, पण ते समजलं नसतं तर पुढे चुकीच्या वस्तूवर पैसे गेले असते. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही वाचायला 405 नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर लागतो. साध्या डीव्हीडीचा लाल लेसर 650 नॅनोमीटरचा, त्यामुळे डीव्हीडी ड्राइव्हला त्या खुणा दिसतच नाहीत. पण लेसर एक असला तरी माहितीचा थर डिस्कमध्ये किती खोल आहे यात फरक आहे. एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीसारखाच 0.6 मिलिमीटर खाली आहे. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागाच्या अगदी जवळ, 0.1 मिलिमीटरवर आहे, आणि भिंगही वेगळं आहे. म्हणून ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी मावतं आणि एचडी डीव्हीडीच्या थरात 15. एकासाठी बनवलेलं भिंग दुसऱ्याच्या थरावर नेमकं स्थिरावत नाही.

म्हणजे हा कंपन्यांच्या दोन गटांतला वाद होता आणि त्याचा परिणाम आमच्या कपाटात पडून होता. तोशिबा आणि एनईसी यांचं म्हणणं होतं की डीव्हीडीची रचना ठेवली तर डीव्हीडी बनवणाऱ्या कारखान्यांतल्या यंत्रांत थोडा बदल करून काम भागेल आणि डिस्क स्वस्त पडेल. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आणि त्यांच्या बाजूच्यांना जागा जास्त हवी होती. त्यासाठी वरचा पातळ थर ओरखड्यांपासून वाचवणारा कडक लेपही शोधावा लागला. 2005 च्या सुमारास एकच पद्धत ठरवायच्या बोलण्या झाल्या आणि फिसकटल्या. 2006 मध्ये दोन्ही बाजारात आल्या.

मला आधी वाटायचं की दादांनी हरणारी बाजू का निवडली. तारखा लावून पाहिल्यावर तो प्रश्न राहिला नाही. एप्रिल 2006 मध्ये अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेयर 499 डॉलरला आला, त्यानंतर जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला तो हजार डॉलरच्या घरात. ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंटने ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडीवर चित्रपट काढायचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टमध्ये तोशिबाचा प्लेयर शंभर डॉलरच्या आत विकला गेला. दादांनी डिस्क लिहिल्या त्या याच सुमारास. आणि दुसऱ्या बाजूला सोनीने प्लेस्टेशन 3 मध्येच ब्लू-रे बसवून लाखो घरांत ते आधीच पोचवलं होतं. 4 जानेवारी 2008 ला वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट गेले, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं सांगितलं. आमच्या डिस्क खानदेशात पोचल्या तेव्हा त्या वाचणारी यंत्रं बनवणं थांबत आलं होतं. दादांचा निर्णय त्या वेळच्या माहितीवर योग्य होता, आणि त्याला आणखी एक साधं कारण होतं. एचडीव्हीची एक तासाची कॅसेट साधारण 11-12 जीबी होते. ती 15 जीबीच्या एका डिस्कवर जशीच्या तशी, काटछाट न करता बसत होती.

आता ड्राइव्ह शोधायचा होता. भारतात मिळाला नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर माझ्या भावाने विचारून पाहिलं. परदेशात जुन्या बाजारात तीन प्रकार मिळतात. एक्सबॉक्स 360 ला जोडायचा वेगळा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह, जो यूएसबीने संगणकालाही लागतो. एलजीचे जीजीसी-एच20एल आणि जीजीडब्ल्यू-एच20एल हे डेस्कटॉपमध्ये बसणारे ड्राइव्ह, जे ब्लू-रेबरोबर एचडी डीव्हीडीही वाचतात. आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले तोशिबाचे पातळ ड्राइव्ह. तुमच्याकडे विकत घेतलेल्या चित्रपटांच्या छापील डिस्क असतील तर पहिले दोन बघा. आमच्या डिस्क घरी लिहिलेल्या होत्या, म्हणून जो ड्राइव्ह अशा डिस्क लिहू शकतो तोच घ्यायचा असं ठरवलं. लिहिणाराच ड्राइव्ह वाचायला सगळ्यात खात्रीचा. दादांनी तिकडे शोधून 60 डॉलरला असा एक पातळ ड्राइव्ह मिळवला. घेण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या जोडणीचा फोटो मागवा. पातळ ड्राइव्हची जोडणी आयडीई या जुन्या प्रकारची आहे की साटा या नव्या, यावर तो यूएसबीने लावण्यासाठी कुठलं केस घ्यायचं ते ठरतं, आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत.

कुणी भारतात येणारं असतं तर सामानातून आणणं सगळ्यात सोपं होतं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येत होता, म्हणजे आख्खा जुना कॉस्मिओही आणता आला असता. पण दादांचं येणं नव्हतं आणि ओळखीतलंही कुणी नव्हतं. म्हणून टपालाने मागवलं.

इथे सगळ्यात जास्त भीती वाटत होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. फेब्रुवारीत पार्सल निघालं. सोबतच्या सीएन 23 घोषणापत्रावर 'भेट' असं लिहायचं नाही. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून शुल्कमाफीत वस्तू मागवणं बंद आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद. दादांनी 'वैयक्तिक वापरासाठी जुना संगणक ड्राइव्ह' असं लिहिलं, खरी किंमत टाकली आणि खरेदीची पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून खोक्यावर बाहेर चिकटवली. एक प्रत मला ईमेलने पाठवली. पार्सलचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, शेवटी 'यूएस' येतं. पार्सल भारतात पोचलं की तोच क्रमांक भारतीय टपालाच्या साइटवर चालतो.

मार्चच्या मध्यावर पार्सल मुंबईला कस्टम्सकडे गेल्याचं दिसलं आणि नंतर बरेच दिवस ती ओळ बदलली नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी पाहायचे. मग घरी पत्र आलं. याला कॉल मेमो म्हणतात. खरेदीची पावती, पैसे दिल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि वस्तू कशासाठी हवी याचा खुलासा मागितला होता. पत्र पाहून घरात सगळे घाबरले, पण ते फक्त चौकशीचं पत्र असतं. मी एका पानाचा अर्ज लिहिला: घरच्या चित्रीकरणाच्या डिस्क वाचण्यासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत डिस्कचा फोटो, पावती, दादांच्या कार्डाच्या व्यवहाराची प्रत आणि आधारची प्रत जोडली. सगळं स्पीड पोस्टने पाठवलं आणि पत्रावरच्या ईमेलवरही. अर्जात पार्सलचा क्रमांक आणि मेमोचा क्रमांक दोन्ही ठळक लिहा.

22 एप्रिलला 2023 ची आखाजी झाली. तोवर ड्राइव्ह हातात यावा आणि सगळे गावी जमलेले असताना आजीला पाहता यावं अशी फार इच्छा होती. तसं झालं नाही, आणि त्या दिवशी मन लागलं नाही.

मे महिन्यात पोस्टमनदादा पार्सल आणि शुल्काची पावती घेऊन दारात आले. टपालाने वैयक्तिक वापरासाठी आलेल्या वस्तूला तेव्हा मूळ शुल्क 35 टक्के, त्यावर 10 टक्के अधिभार आणि या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी असा हिशेब होता, एकूण 77.28 टक्के. ही आकारणी वस्तूच्या किमतीवर आणि टपालखर्चावर मिळून होते. आमचे दोन्ही मिळून पावणेआठ हजार रुपये धरले गेले, म्हणून शुल्क सहा हजारांच्या आसपास आलं, वर टपालाची किरकोळ फी. पैसे दारातच रोख द्यावे लागले, तेव्हा पार्सल मुंबईहून निघाल्याचं दिसलं की रक्कम घरात काढून ठेवा. तुम्ही मागवाल तेव्हाचा दर आधी तपासा, तो अर्थसंकल्पात बदलतो.

यूएसबी केस आधीच आणून ठेवलं होतं. ड्राइव्ह त्यात बसवला, लॅपटॉपला लावला. डिस्क घातल्यावर फिरायला लागायचा, मग खट् असा आवाज होऊन संगणकावरून नाहीसा व्हायचा. पुन्हा जोडला की पुन्हा तेच. ड्राइव्ह खराब निघाला असं वाटून पोटात गोळा आला. गोलाणीतल्या त्याच मुलाला फोन केला, त्याने पहिल्या वाक्यात ओळखलं, "ताई, करंट पुरत नाहीये त्याला." एका यूएसबी पोर्टमधून मिळणारी वीज कमी पडत होती. दोन पोर्टमध्ये लागणारी दुहेरी वायर त्याच्याकडूनच आणली आणि 'कॅसेट 1' उघडली.

आत एकच मोठी फाइल होती, 'एम2टी' शेपटीची. घरी लिहिलेल्या डिस्कवर चित्रपटांसारखं कुलूप नसतं, त्यामुळे सरळ कॉपी होते. तासाभराच्या कॅसेटला पाऊण तास लागला. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं. ड्राइव्ह तापू नये म्हणून कूलरसमोर पण ओलाव्यापासून लांब स्टुलावर ठेवला आणि दोन डिस्कांच्या मध्ये थंड होऊ दिला.

पहिल्यांदा फाइल चालवली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उभट, बारीक दिसत होते. घाबरू नका. एचडीव्हीत चित्र 1440 गुणिले 1080 असं साठवलेलं असतं आणि दाखवताना ते आडवं ताणायचं असतं. प्लेयरमध्ये 16:9 निवडलं की सरळ दिसतं. मग आजी दिसली. ओसरीवर बसून ती गहू निवडत होती आणि गाणं म्हणत होती. सुपातले खडे अंगठ्याने बाजूला सारताना तिच्या हातावरचं गोंदण स्पष्ट दिसतं, हिरवं, कडेला पसरलेलं. फोटोंत ते कधी एवढं दिसलं नव्हतं. गाण्याच्या मध्येच थांबून ती कॅमेऱ्याकडे पाहून दादांना म्हणते, "आते ऱ्हाऊ दे ते, जेवाले चाल." मी तेवढंच परत परत ऐकलं. बाबांना बोलावलं, तर ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि पूर्ण तास पाहिला.

दुसरी आणि तिसरी डिस्क सुरळीत आली. चौथी अर्ध्यात अडकली. लोखंडी कपाट पत्र्याच्या खोलीत होतं, इतक्या उन्हाळ्यांची उष्णता त्या डिस्कांनी सोसली आहे, त्यामुळे नवल नव्हतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा साधी कॉपी करत बसू नका, डिस्क आणि ड्राइव्ह दोघांवर ताण येतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो आणि खराब जागा नोंदवून ठेवतो, मग शेवटी त्या जागांकडे वळतो. त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये राहते, त्यामुळे काम थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येतं. मी ते रात्री, हवा जरा गार झाल्यावर चालवायचे. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत बहुतेक भाग निघाला. एम2टी फाइलची रचना छोट्या छोट्या तुकड्यांची असते, म्हणून मधले तुकडे गेले तरी तेवढ्यापुरते चौकोन दिसतात आणि पुढचं चालू राहतं.

मूळ फाइली तशाच ठेवल्या आहेत, नव्याने बारीक केलेल्या प्रती वेगळ्या. एक हार्ड डिस्क जळगावला, एक आत्याकडे शिरपूरला, आणि दादांनी तिकडे एक प्रत उतरवून घेतली. खर्च सांगायचा तर ड्राइव्ह आणि टपाल पावणेआठ हजार, शुल्क सहा हजार, केस आणि वायर हजार-बाराशे, हार्ड डिस्कचे वेगळे. महानगरातल्या एका ठिकाणी डिस्क पाठवून काम करून घ्यायचा दर विचारला होता. तो याहून पुष्कळ जास्त होता आणि डिस्क हातातून सोडायची तयारीही नव्हती.

तुमच्याकडे 2006 ते 2008 या काळातल्या विकतच्या एचडी डीव्हीडी असतील तर त्याही लवकर तपासा. वॉर्नरच्या त्या काळातल्या बऱ्याच डिस्क नुसत्या पडून राहून वाचेनाशा झाल्याचा अनुभव संग्राहक सांगतात. आणि परदेशातल्या नातेवाइकांना विचारा की तेव्हा डिस्क कशावर लिहिली होती. त्यांना आठवत असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

ड्राइव्ह मी विकणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाच्या घरी अशी डिस्क असेल तर जळगावला घेऊन या, तुमच्या समोर उतरवून देईन, पैसे लागणार नाहीत. आमच्या चौथ्या डिस्कवरचा शेवटाकडचा काही मिनिटांचा भाग अजून निघालेला नाही. तिची इमेज (म्हणजे डिस्कची जशीच्या तशी उतरवलेली प्रत) आणि मॅप फाइल जपून ठेवली आहे. दुसऱ्या ड्राइव्हवर कदाचित तो भाग वाचला जाईल, म्हणून दादा तिकडे अजून एक शोधत आहेत.